सरासरीच्या पोटात काय असते?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मागे एका पालकांनी मला जरा रागातच विचारले, "सर, बी.सी.जी.ची लस मद्रासकडे साफ निकामी ठरली म्हणतात. मग आमच्या बाळाला ती टोचायची कशाला?" प्रश्न रास्त होता, पण उभ्या उभ्या उत्तर देता येण्याजोगा नव्हता. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

आधी घरातले उदाहरण पाहा. एकाच मुलाचा ताप लागोपाठ तीनदा मोजला आणि पारा १०१, १०१.२ व १००.८ वर थांबला, तर सरासरी १०१ धरायला हरकत नाही. तो फरक मोजण्यातला आहे. पण घरातल्या तीन मुलांचे आकडे ९८, १०२ आणि १०४ असले, आणि अब्बांनी दवाखान्यात जाऊन सांगितले की आमच्याकडे सरासरी १०१.३ ताप आहे, तर डॉक्टर औषध कोणाला देणार? भागाकार अचूक आहे. तेवढा ताप मात्र घरात कोणालाच नाही!

निरनिराळ्या संशोधनांचे निष्कर्ष एकत्र करताना हाच पेच पडतो. हे काम जुने आहे. कार्ल पिअर्सन यांनी १९०४ साली विषमज्वराच्या लशीबद्दल हिंदुस्थान व दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश फौजेचे आकडे असेच एकत्र केले होते. 'मेटा-अ‍ॅनालिसिस' हे नाव १९७६ साली जीन ग्लास यांनी दिले.

आता बी.सी.जी.कडे येऊ. ब्रिटनमध्ये १९५० साली सुरू झालेल्या प्रयोगात लस दिलेल्या १३,५९८ मुलांपैकी ६२ जणांना क्षय झाला, तर न दिलेल्या १२,८६७ पैकी २४८ जणांना. म्हणजे धोका जवळजवळ चौथाईवर आला. मद्रासजवळच्या चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ साली याहून कितीतरी मोठा प्रयोग सुरू झाला. तिथे दोन्ही गट ८८,३९१ जणांचे धरले, तर लस घेतलेल्यांत ५०५ रुग्ण निघाले आणि न घेतलेल्यांत ४९९. फायदा शून्य.

१९९४ साली अमेरिकेतील संशोधकांनी असे तेरा प्रयोग एकत्र मांडले. आता विद्यार्थ्यांनी इकडे नीट लक्ष द्यावे. तेराही प्रयोग एकच सत्य मोजत आहेत आणि उरलेला फरक निव्वळ योगायोगाचा आहे, असे गृहीत धरले तर ज्याचे रुग्ण जास्त त्याचे वजन जास्त. अशा हिशेबात एकट्या मद्रासला सुमारे ४० टक्के वजन मिळते आणि लशीचे संरक्षण ३५ टक्क्यांच्या आसपास निघते. ठिकाणाठिकाणचे सत्यच वेगळे असू शकते असे मानले, तर मद्रासचे वजन दहाव्या हिश्शावर येते आणि संरक्षण ५१ टक्के निघते. आकडे तेच, उत्तरे दोन!

मग खरे कोणते? माझ्या मते दोहोंपैकी एकावरच बोट ठेवून थांबणे हीच चूक. या तेरा प्रयोगांतील निष्कर्षांच्या विखुरण्यापैकी सुमारे ९२ टक्के भाग योगायोगाने समजावता येत नाही. उद्या चौदाव्या गावी प्रयोग केला, तर संरक्षण ८५ टक्के निघेल की काहीच निघणार नाही, हे त्या ५१ वरून सांगता येत नाही. वर्तमानपत्रात 'सर्व संशोधनांचा एकत्रित निष्कर्ष' वाचाल तेव्हा संशोधनांचे आपापसांत किती पटत होते हे तिथे दिले आहे का, ते पाहा. बहुधा नसतेच.

त्या संशोधकांनी फरकाचे कारणही शोधले. विषुववृत्तापासून जितके लांब, तितका लशीचा गुण जास्त दिसला. पण अक्षांश काही जंतू मारत नाही! उष्ण प्रदेशात माती-पाण्यात क्षयाच्या जंतूंचे निरुपद्रवी भाऊबंद पुष्कळ असतात. त्यांचा संसर्ग आधीच झालेल्या माणसाला लशीचा नवा लाभ कमी होतो, असा अंदाज होता. पुढे २०१४ साली सर्व प्रयोग पुन्हा तपासले गेले. ज्यांना पूर्वसंसर्ग नाही अशांना काटेकोर चाचणी करून निवडले होते किंवा लहान वयातच टोचले होते, त्या प्रयोगांत संरक्षण चांगले आढळले आणि अक्षांशाचे महत्त्व पुष्कळसे ओसरले.

त्या पालकांना मी हेच सांगितले. चिंगलपेटचा निकाल खोटा नाही, पण तो मुख्यतः मोठ्यांच्या फुप्फुसांच्या क्षयाबद्दल आहे. तान्ह्या मुलांना क्षयाचा मेंदूज्वर होतो, रोग अंगभर पसरतो. त्यांपासून ही लस चांगले संरक्षण देते, आणि म्हणूनच आपल्या देशात ती आजही जन्मल्याबरोबर देतात. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारले, "दवाखाना किती वाजता उघडतो?"