पेटाऱ्यात काय घ्यावे?

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या गावी जत्रेला दशावतारी मंडळी उतरते, तेव्हा देवळापुढील मोकळी जागा तिला पुरते. मुकुट, तलवारी, वेष, गणपतीचा मुखवटा, सारे पेटाऱ्यातून बरोबर आलेले असते. ऐन वेळी गावात काही मागावे लागले आणि ते मिळाले नाही, तर रात्रीचे नाटक अडावयाचे. संगणकाची आज्ञावली दुसऱ्याच्या हाती सोपविताना हीच दूरदृष्टी ठेवावी लागते.

पेडण्याच्या एखाद्या तरुणाने काजूबियांच्या खरेदीचा हिशेब ठेवणारी आज्ञावली लिहिली आहे, असे समजावे. भाषा पायथॉन, गिदो वान रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९९१ साली जगापुढे ठेवलेली. एका फाइलीत वजन आणि दर यांचे गणित, दुसरीत पडद्यावरील खिडक्यांची मांडणी, तिसरीत पावती छापण्याचे काम; शिवाय दरांचे कोष्टक आणि मराठी अक्षरांचा टंक वेगळा. घरी सारे सुरळीत चालते. परंतु याच फाइली डिचोलीच्या एखाद्या सोसायटीतील कारकुनाच्या संगणकावर ठेवल्या, की काहीच घडत नाही. पायथॉनची वाक्ये यंत्राला थेट उमजत नाहीत. मध्ये एक दुभाषी लागतो, आणि तो तरुणाच्या घरीच राहिलेला असतो.

पायइन्स्टॉलर नावाचे साधन ही उणीव भरून काढते. ते मुख्य फाइल वाचते, तिने ज्या फाइलींची नावे घेऊन त्यांना बोलाविले असेल त्यांचा माग काढते आणि त्या साऱ्यांसह दुभाष्यालाही एका गाठोड्यात बांधते. कारकुनाने चिन्हावर दोनदा टिचकी मारली, की काम सुरू. मात्र नाव घेऊन न बोलाविलेली वस्तू या साधनाला दिसत नाही. दरांचे कोष्टक आणि टंक हे बांधणाराने स्वतः सांगून घ्यावे लागतात. घरच्या फोल्डरचा पत्ता आज्ञावलीत कायमचा लिहून ठेवला असेल, तर तोही परगावी निरुपयोगी ठरतो. विंडोजसाठीचे गाठोडे विंडोजवरच बांधावे लागते; आणि सोसायटीत विंडोज ७ चे जुने यंत्र असेल, तर पायथॉन ३.९ किंवा त्यापुढील आवृत्तीने बांधलेले गाठोडे तेथे उघडणार नाही.

गाठोडे दोन प्रकारचे असते. एकात सर्व वस्तू एका फोल्डरमध्ये उघड्या राहतात. दुसऱ्यात बाहेरून एकच फाइल दिसते. ही एकच फाइल नेण्यास सोयीची म्हणून अनेकांना मोह पडतो, आणि खरा धोका येथेच असतो. ती उघडताना आतील सामान एका तात्पुरत्या जागी पसरले जाते आणि काम संपताच ती जागा पुसली जाते. तरुणाने खरेदीची वही इतर सामानाबरोबर आत ठेवली असेल, तर कारकून दिवसभर नोंदी करील, आज्ञावली बंद करील, आणि दुसऱ्या दिवशी वही कोरी सापडेल. यंत्र चुकीची सूचनाही देणार नाही. कोणा बागायतदाराने किती किलो बिया घातल्या आणि त्याचे किती पैसे येणे आहेत, याचा पुरावाच उरणार नाही.

म्हणून बांधणाराने प्रत्येक वस्तूविषयी विचारावे: ही बदलणारी आहे की न बदलणारी? दुभाषी, टंक, पडद्यावरील चित्रे ही न बदलणारी. ती गाठोड्यात जावीत. नोंदवही रोज बदलते. तिचे स्थान कारकुनाच्या स्वतःच्या फोल्डरात, गाठोड्याच्या बाहेर असावे, आणि तिची एक प्रत दुसरीकडेही असावी. दरांचे कोष्टक हंगामात बदलत असेल, तर तेही बाहेरच बरे.

शेवटी परीक्षा आपल्या घरी घेऊ नये. तेथे दुभाषी हजर असल्याने उणीव झाकली जाते. पायथॉनचा कधी स्पर्शही न झालेल्या यंत्रावर आज्ञावली चालवावी, चार नोंदी कराव्यात, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि त्या चारही नोंदी जागेवर आहेत, हे पाहावे. मगच ती कारकुनाच्या स्वाधीन करावी.