बर्फात उतरण्याआधी उतार मोजा

आज गुलमर्गचा किस्सा सांगतो.

आम्ही चौघं गोंडोल्याने अफरवटवर पोचलो. रात्रभर बर्फ पडलेला, सकाळी कडक ऊन. गाइडभाई म्हणाले, "आज मागच्या दरीत उतरायचं नाही." पैसे भरलेले, सुट्टी संपत आलेली. आमचा एक मित्र तर चिडलाच. "एवढं स्वच्छ आकाश आहे, घाबरायचं काय?"

पण धोका आकाशात नसतो, बर्फाच्या पोटात असतो. खाली जुना, साखरेसारखा सुटा थर. त्यावर वाऱ्याने दाबून बसवलेला नवा. आपलं वजन पडलं की वरची अख्खी लादी सुटते. सापडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ती त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कुणीतरी सोडवलेली असते.

अशा लाद्या मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. नुसत्या डोळ्यांना हा कोन कळत नाही. फोनमध्ये लेव्हल अॅप असतं ना? सुरक्षित जागेवरून, बाजूने बघत, फोनची कड उताराच्या रेषेला जुळवा. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावरचा उतारही बघायचा.

आणि हो, बीकन अंगावर असेल तर फोन त्याच्यापासून निदान 20 सेंटिमीटर लांब ठेवा. कुणाला शोधताना 50. नाहीतर सिग्नल गडबडतो. गाडलेल्या माणसाकडे जेमतेम 10-15 मिनिटं असतात. तेवढ्यात बाहेरची मदत येत नाही, सोबतचेच वाचवतात.

आम्ही मागे फिरलो. मित्र संध्याकाळपर्यंत बोलला नाही. चालतंय की! रुसलेला मित्र घरी तरी येतो.