पाल्य ते नागरिक : महाविद्यालयीन नियमांची वाटचाल

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



उच्च शिक्षणाचा अभ्यास करताना आपण आयोग आणि समित्यांपासून सुरुवात करतो. राधाकृष्णन आयोग १९४८-४९ चा, कोठारी आयोग १९६४-६६ चा, हे तुम्हा सर्वांना तोंडपाठ असेल. परंतु वसतिगृहाच्या सूचना फलकावरील साधे नियमही तितकेच बोलके असतात. फाटक किती वाजता बंद होते, मेसचे बिल कोण ठरवते, रजेसाठी कोणाची सही लागते, यावरून समाज आपल्या तरुणांकडे कोणत्या दृष्टीने पाहतो हे कळते. आधीच्या पिढ्यांच्या महाविद्यालयीन जीवनाकडे आज आपण याच दृष्टीने पाहू.

पालकाच्या भूमिकेतील महाविद्यालय

१९६० आणि १९७० च्या दशकांत महाविद्यालय स्वतःला पालकाच्या जागी मानत असे. गावी जायचे तर रेक्टरची परवानगी, भेटायला कोणी आले तर नोंदवहीत नाव, बाहेर राहायचे तर वडिलांचे पत्र. या व्यवस्थेला एक सामाजिक आधारही होता. घरातील पहिलाच मुलगा किंवा मुलगी शहरात शिकायला येत असे आणि संस्थेच्या शिस्तीच्या भरवशावरच अनेक कुटुंबे हे धाडस करीत.

कायदा मात्र दोन गोष्टी सांगत होता. १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमानुसार अठराव्या वर्षी व्यक्ती सज्ञान होत होती. मतदानाचा हक्क मात्र एकविसाव्या वर्षी मिळत होता. म्हणजे पदवीच्या वर्गातील बहुतेक विद्यार्थी करार करण्यास पात्र, पण मत देण्यास अपात्र होते.

राज्यसंस्थेचा दृष्टिकोनही हळूहळू बदलत होता. १९६२ च्या युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना अनिवार्य करण्यात आली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री आणि नामवंत अर्थशास्त्रज्ञ डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ केला. सक्तीकडून स्वेच्छेकडे झालेला हा प्रवास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मेसचे बिल आणि महागाई

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९७३ चे वर्ष विसरू नये. १९७२ चा दुष्काळ, त्यापाठोपाठ ऑक्टोबर १९७३ नंतरची तेलाची दरवाढ. १९७३-७४ मध्ये घाऊक किमती सरासरी सुमारे २० टक्क्यांनी वाढल्या. त्याच डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात वसतिगृहाच्या भोजनखर्चात २० टक्के वाढ झाली आणि २० डिसेंबरला विद्यार्थी संपावर गेले. यातूनच गुजरातचे नवनिर्माण आंदोलन उभे राहिले. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे मार्चमध्ये बिहारमध्येही विद्यार्थी आंदोलन पेटले.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. केवळ हिशेबाच्या दृष्टीने ही वाढ महागाईइतकीच होती. पण घरून येणारी मनीऑर्डर महागाईबरोबर वाढत नव्हती आणि दर ठरवताना विद्यार्थ्याला विचारलेही जात नव्हते. दरवाढीला विचारविनिमयाची जोड नसली की हिशेबाचा प्रश्न विश्वासाचा प्रश्न बनतो. सार्वजनिक वित्तव्यवहारातील हा नियम वसतिगृहाच्या मेसलाही लागू पडतो.

सरकार बदलवणाऱ्या या तरुणांपैकी अनेकांना मताधिकार नव्हता. ही विसंगती दूर होण्यास आणखी दीड दशक लागले. ६१ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३२६ मधील वयोमर्यादा २१ वरून १८ वर आली आणि २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत माझ्या पिढीने विद्यार्थीदशेतच मतदान केले.

फाटकाची किंमत कोणी मोजली?

मताधिकार आला, तरी फाटकाची वेळ बदलली नाही. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक मुलांच्या आधी बंद होणे हे सर्वत्र गृहीतच धरले जाई. अर्थशास्त्रात आपण संधी-परिव्यय शिकतो. संध्याकाळी ग्रंथालय उघडे असूनही तेथे बसता न येणे, प्रयोगशाळेतील काम अर्धवट सोडून परतणे, सायंकाळची व्याख्याने वा अर्धवेळ काम नाकारावे लागणे, हा त्या नियमाचा परिव्यय होता. तो विद्यार्थिनींनी मोजला. कोणत्याही ताळेबंदात त्याची नोंद नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उच्च शिक्षणात मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी विद्यार्थिनी होत्या. संख्या जवळजवळ समान झाली, नियम मात्र मागे राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘सक्षम’ अहवालाने २०१३ मध्ये स्पष्ट केले, की सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींवर भेदभावाचे नियम लादले जाऊ नयेत. २०२२ मध्ये कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थिनींनी रात्री साडेनऊच्या बंधनाला केरळ उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्याच वर्षी राज्य शासनाने मुलामुलींच्या वसतिगृहांना समान नियम लागू करणारा आदेश काढला.

जेथे नियम मूक होते

फाटकावर इतका कडक असलेला हा पालक आतल्या रॅगिंगकडे मात्र ‘थट्टामस्करी’ म्हणून दीर्घकाळ दुर्लक्ष करीत राहिला. सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निर्णय, २००७ ची राघवन समिती आणि २००९ चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम या क्रमाने जबाबदारी संस्थेवर आली. येथे नियम कमी करून भागले नाही. नवे नियम करावे लागले. जुने सर्व बंधन वाईट आणि आजची सर्व मोकळीक चांगली, असा सोपा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

मित्रहो, कोणत्याही नियमाचे परीक्षण करताना तीन प्रश्न विचारावेत. त्याचा लाभ कोणाला होतो? त्याची किंमत कोण मोजतो? आणि तो करताना किंमत मोजणाऱ्याला विचारले होते काय? उद्या तुमच्यापैकी काही जण प्रशासनात जातील आणि इतरांसाठी नियम तयार करतील. एखाद्या तालुक्यातील शासकीय वसतिगृहाची वेळ ठरवणारी फाईल तुमच्या टेबलावर येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी तेथे राहणाऱ्या मुलामुलींना एकदा अवश्य विचारा.