विजेची सिगारेट आणि तिच्यातला सेल
(ट्रस्टच्या महोत्सवी व्याख्यानमालेत भोपाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय चिटणिसांनी जाहीर केला, तेव्हा पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठी उमटलेली मी पाहिली. धर्मादाय संस्थेच्या महोत्सवात सिगारेटचे काय काम, असे त्यांना वाटले असेल तर नवल नाही. शिवाय ही विजेची सिगारेट आपल्या देशात कायद्याने बंद आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने त्याविषयी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. तेव्हापासून तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात हे सारे गुन्हे ठरले आहेत. विकणाऱ्याला पहिल्याच अपराधास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मग बंद झालेल्या वस्तूच्या बॅटरीची चर्चा कशाला?

चर्चा अशासाठी, की बंदीने ती वस्तू दुकानाच्या काचेमागून गेली, पण कॉलेजच्या मुलांच्या दप्तरांतून गेली नाही. ती लपली. तंबाखू लपवून ठेवली तर ती पेट घेत नाही. बॅटरी मात्र लपवून ठेवणे हेच तिच्या बाबतीत सर्वांत वाईट. निकोटिनने शरीराचे काय होते ते डॉक्टरमंडळींनी सांगावे, तो माझा प्रांत नव्हे. मी विजेच्या कामात आयुष्य घालविलेला माणूस आहे. तेव्हा त्या नळीत जो सेल आहे, आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ज्याला विद्युद्घट म्हणत, त्याच्यापुरतेच मी बोलणार आहे.

आपल्या मराठी घरांत एक गंमत आहे. टॉर्चला आपण बॅटरी म्हणतो आणि बॅटरीला सेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य होऊन भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कुटुंबे बिऱ्हाडे बांधून इकडे आली. त्या पिढीच्या घरी खुंटीला छत्री आणि उशाशी ‘बॅटरी’ ही हटकून असे. उजेड मंद झाला की आजोबा सेल काढून अंगणात उन्हात ठेवीत आणि संध्याकाळी ते पुन्हा थोडे चमकत. यात भ्रम नव्हता. जस्ताचे भांडे, मधे कार्बनची कांडी आणि नवसागराचा लगदा असा तो सेल. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया काही वेळ जरा वेगाने होते, एवढेच. त्या सेलच्या दोन टोकांना तार जोडली तर तो कोमट होई. अगदी मेला, तर चीक गळून टॉर्च गंजे. यापलीकडे त्या बिचाऱ्याने कोणाचे वाईट केले नाही.

सेलविषयीच्या आपल्या सवयी या अशा गरीब प्राण्याच्या संगतीत जडल्या आहेत. आज घरात आलेला लिथियम-आयन सेल हा दुसऱ्याच जातीचा आहे, आणि नेमके हेच आपण ध्यानात घेत नाही.

हा सेल १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला. ज्यांच्या संशोधनावर तो उभा राहिला, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले ते ९ ऑक्टोबर २०१९ रोजी, म्हणजे आपल्याकडील वटहुकमानंतर तीनच आठवड्यांनी. शोध थोरच आहे. मोबाइल, कित्येक श्रवणयंत्रे, रस्त्यावरील काही ई-रिक्षा त्याच्यावर चालतात. जुना सेल दीड व्होल्टचा, हा सरासरी ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. त्याच्या पोटात पाणी नाही, तर पेट घेणारा सेंद्रिय द्रव आहे. आणि धन व ऋण पत्रे एकमेकांपासून अलग राहतात ती केसाहून पातळ अशा एका प्लॅस्टिकच्या पडद्यामुळे. तो पडदा फाटला किंवा वितळला, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. त्याने उष्णता वाढते, उष्णतेने क्रिया वाढते, क्रियेने पुन्हा उष्णता. हे चक्र एकदा सुरू झाले म्हणजे बाहेरून बटण बंद करून ते थांबत नाही.

आता विजेची सिगारेट या सेलकडून काय मागते ते पाहा. आत एक लहानशी तारेची गुंडाळी असते. ती तापते, भोवतीचा द्रव उकळतो आणि त्याची वाफ ओढली जाते. शाळेत शिकलेला ओहमचा नियम येथे उपयोगी पडेल. गुंडाळीचा रोध अर्धा ओहम धरा. ३.७ भागिले अर्धा, म्हणजे सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह. शक्ती सुमारे २७ वॅट. दोन सेलच्या जुन्या टॉर्चचा दिवा अडीच व्होल्ट आणि ०.३ अँपिअरचा, म्हणजे पाऊण वॅटचा. छत्तीस पट मागणी, आणि तीही बोटाएवढ्या सेलकडून! १९६३ साली हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने अशा विजेच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, १९६५ साली त्याला पेटंट मिळालेही, पण ती वस्तू बाजारात कधी आली नाही. पुढे २००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधनिर्मात्याने तिला आजचे रूप दिले. मधल्या चाळीस वर्षांत जगाला लिथियमचा सेल मिळाला होता, हा मुख्य फरक.

चांगल्या बनावटीच्या यंत्रात या मागणीवर पहारा ठेवणारे एक लहान सर्किट असते. ते प्रवाह वाजवीपेक्षा वाढू देत नाही आणि सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू देत नाही. काही यंत्रांत मात्र असे काहीच नसते; सेल, बटण आणि गुंडाळी, बस्स. काही साध्या कांड्यांची सारी राखण त्यांच्या स्वतःच्या चार्जरमध्येच असते. तो हरवला की मुलगा मोबाइलचा चार्जर जोडतो. पिन बसली म्हणजे जुळले, असे त्याला वाटते. टोपी डोक्यात बसली म्हणून ती आपलीच असते असे थोडेच आहे?

दुसरा बिघाड वरच्या वेष्टनाचा. बदलता येणाऱ्या सेलांत १८६५० हा आकार सर्रास दिसतो : १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्याचे जवळजवळ सगळे धातूचे अंग हे ऋण टोक असते; धन टोक माथ्यावर, आणि दोहोंमध्ये फक्त एक बारीक कडे व वरचे पातळ प्लॅस्टिक. ते प्लॅस्टिक कडेला फाटले आणि असा सुटा सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात पडला, तर किल्लीच तार होते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली एक अहवाल काढला. २००९ ते २०१६ या आठ वर्षांत वृत्तपत्रांतून आलेल्या अशा यंत्रांच्या आगी व स्फोट त्यांनी मोजले, ते १९५ भरले. १३३ जणांना इजा झाली, त्यांतील ३८ जणांची गंभीर. यंत्र किंवा सुटा सेल खिशात असताना घडलेले प्रकार त्यांत पुष्कळ आहेत. शिवाय सिगारेटची नळी ताठ धातूची. सेलचे टोक फुटले की ती बंदुकीच्या नळीसारखी वागते. २०१८ च्या मे महिन्यात फ्लोरिडा राज्यात अशा स्फोटाने एका माणसाचा प्राण गेला.

आता आयुष्याविषयी. लिथियमचा सेल साधारणपणे तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिता झाला, की त्याची धारणशक्ती मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येते. अर्धा रिता करून पुन्हा भरला तर ती अर्धीच खेप धरावी. म्हणून अगदी शून्यावर आणू नये आणि शंभरावर तासन्‌तास ठेवू नये; वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान तो सुखी असतो. बराच काळ ठेवून द्यायचा असेल तर निम्मा भरून, थंड जागी. हे मोबाइललाही लागू आहे आणि आजींच्या कानातल्या चार्जिंगच्या यंत्रालाही.

पण आपल्या गावी खरा शत्रू उष्मा. अशा सेलांना ४५ अंशांपेक्षा गरम असताना चार्जिंगला लावू नये, अशी मर्यादा बहुतेक उत्पादक घालून देतात. भोपाळचा मे महिना आपण जाणता. दुपारी सावलीतच पारा ४२-४३ वर जातो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत तो कोठे असेल, विचार करा. आजोबांनी सेल उन्हात ठेवला तो शहाणपणा होता. नातवाने ठेवला तर तो अपघात ठरेल.

आणि आता त्या लपविण्याकडे येतो. वसतिगृहातला मुलगा किंवा शेजारच्या खोलीतला आपलाच चिरंजीव ही कांडी चार्जिंगला कोठे लावतो? टेबलावर नाही, कारण तेथे दिसेल. तो ती उशीखाली लावतो, कपड्यांच्या कपाटात लावतो, रात्री सारे निजल्यावर लावतो. म्हणजे हवा नाही, उष्णता बाहेर जायला वाट नाही, आणि भोवती कापूस. सेल थोडा फुगला, चार्जिंगच्या वेळी चटका बसू लागला, गोडसर उग्र वास आला, दिवा पाच मिनिटांत मिचकू लागला, तर ही सारी सेल संपत आल्याची किंवा बिघडल्याची चिन्हे आहेत. पण तो ती कोणाला दाखविणार? दुकानदाराकडे जाता येत नाही, वडिलांकडे तर नाहीच. मुलाच्या व्यसनाला माफी द्या असे मी म्हणत नाही. इतकेच म्हणतो, की रागवायला उद्याचा दिवस आहे. सापडल्या क्षणी पहिला प्रश्न ‘कोणी शिकविले’ हा न करता ‘चार्जिंगला कोठे लावतोस’ हा करावा. ज्या घरात हा प्रश्न विचारता येत नाही, तेथे ती कांडी उशीखालीच राहते.

आग लागलीच तर आधी भिंतीवरचे बटण किंवा मेन स्विच बंद करावे, मग भरपूर पाणी ओतावे. लहान लिथियम-आयन सेलला पाणी चालते. ज्वाला विझविण्याइतकेच सेल थंड करणे महत्त्वाचे, कारण तो पुन्हा पेटतो. धूर मात्र मुळीच घेऊ नये. त्यात हायड्रोजन फ्लोराइड असू शकते. रात्री झोपेत असलेल्या माणसाचे विषारी वायूने काय होते, हे या शहरात कोणी कोणाला सांगावे लागत नाही.

टाकून देण्याविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे संपलेली बॅटरी परत घेण्याची व्यवस्था करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते ते याचसाठी. पण ज्या वस्तूला कायद्याने उत्पादकच नाही, तिचा सेल कोण परत घेणार? तो घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात जातो, गाडीत दाबला जातो, आणि दाबलेला सेल म्हणजे फाटलेला पडदा. एकदाच वापरून फेकायच्या कांड्यांत तर पुन्हा भरता येईल असा चांगला सेल फुकट जातो. ब्रिटनने अशा कांड्यांच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी घातली, त्यामागे या कचऱ्याचेही कारण होते.

टाकलेली वस्तू संपत नाही, हे भोपाळकरांइतके कोणाला ठाऊक? आपल्या टॉर्चमधला तो लाल एव्हरेडी सेल युनियन कार्बाइडचा. भोपाळच्या कारखान्यात मात्र सेल नव्हे, कीटकनाशक होत असे. डिसेंबर १९८४ ची रात्र झाली, १९९४ साली कंपनीचे भांडवल दुसऱ्यांच्या हाती गेले, पुढे तिचे नाव बदलले. कारखान्यातला विषारी कचरा मात्र जागीच होता. त्यातला ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून पिथमपूरकडे निघाला तो १ जानेवारी २०२५ च्या रात्री, आणि जाळून झाला तो जून अखेरीस. चाळीस वर्षे! बोटाएवढ्या सेलाची त्याच्याशी बरोबरी होत नाही, हे खरे. पण असे सेल एका वस्तीतून किती निघतील?

नवा सेल, पॉवर बँक किंवा चार्जर घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. लिथियम सेलांसाठी आय. एस. १६०४६ हे मानक आहे. चिन्ह नसेल तर वीस रुपये स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

व्याख्यानानंतर एका भगिनीने प्रश्न केला, की मुलाकडची अशी कांडी ताब्यात घेतली, ती थोडी फुगलेली दिसते, तर तिचे करावे काय? त्यांना दिलेले उत्तर येथे जोडतो. ती उघडू नये, टोचू नये, बत्त्याने फोडू नये, चुलीत तर मुळीच टाकू नये. पुन्हा चार्जिंगला लावू नये. हाताला थंड लागत असेल तरच उचलावी. सुटा सेल असल्यास त्याच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी. मातीच्या रिकाम्या कुंडीत कोरडी वाळू घालून तीत ती ठेवावी, आणि कुंडी गच्चीवर किंवा अंगणात सावलीला, सरपण आणि वाळत घातलेले कपडे यांपासून दूर. मग ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे, वाळूसकट डब्यात घालून, स्वतः नेऊन द्यावी. कचऱ्याच्या गाडीत टाकू नये.