हँडल डुगडुगतंय? चला, कोन-वाट्या बघू

आज बोलायचंय अंगणातल्या सायकलीबद्दल.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात वाड्यावस्त्या लांब लांब. सांगोला, मंगळवेढ्याकडे वस्तीवरून हायस्कूलला जायचं म्हणजे पोरींना बरीच वाट तुडवावी लागते. सायकल मोडली की शाळा बुडते. आधी चार दिवस, मग पंधरा दिवस, आणि मग घरात कुणीतरी म्हणतंच, "राहू दे आता." म्हणून सायकलीचं काम बाईच्या हाताला यायला हवं.

पंक्चर बऱ्याच जणींना काढता येतं. पण हँडल डुगडुगायला लागलं की आपण दुर्लक्ष करतो. उतारावर समोरून उसाची ट्रॉली आली आणि हँडल वेळेवर वळलं नाही, तर काय होईल हे सांगायला नको.

आधी रचना समजून घ्या. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा. त्याची नळी सायकलीच्या सांगाड्यातून वर येते आणि तिच्यात हँडल बसतं. ही नळी सहज फिरावी म्हणून वर एक आणि खाली एक अशा कोन-वाटीच्या जोड्या असतात. त्यांत बारीक छर्रे. सगळ्यात वर चेकनट. जात्याचा खुंटा ढिला झाला की पाळू डगडगते, तसंच हे.

पारख अशी करा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. दुसरा हात वाटीजवळ ठेवा. तिथं खटखट लागली तर जोड ढिला आहे. मग पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवा. मध्येच अडकलं तर वाटीला खड्डे पडले आहेत.

नुसता ढिला असेल तर काही खोलायचं नाही. चेकनट सैल करा, खालची आट्यांची वाटी हाताने थोडी आवळा, ती धरून चेकनट पुन्हा घट्ट करा. बऱ्याचदा एवढ्यानंच भागतं.

अडकत असेल तर मात्र खोलावं लागेल. एकीने सायकल धरायची, दुसरीने काम करायचं. खाली जुनं पांढरं धोतर किंवा परात ठेवा, म्हणजे छर्रे मातीत जाणार नाहीत. मोबाइल असेल तर आधी फोटो काढून ठेवा.

हँडलच्या मधला बोल्ट दोन-तीन आटे सैल करा. पूर्ण काढू नका. त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीनं एक ठोका द्या. आतली पाचर सुटते. ब्रेकची सळई किंवा तार सोडवा आणि हँडल डावी-उजवीकडे फिरवत वर काढा. मग पुढचं चाक काढा. चेकनट, वॉशर, वरची वाटी काढताना चिमटा खालून धरून ठेवा, नाहीतर तो एकदम सुटतो. वरचे आणि खालचे छर्रे वेगवेगळ्या वाट्यांत मोजून ठेवा.

सगळं रॉकेलमध्ये धुऊन, पुसून उजेडात बघा. गुळगुळीत असेल तर तेच वापरा. खड्डे दिसले तर जोडी बदला. दुकानात जाताना जुना माल नमुना म्हणून सोबत न्या. मापं वेगवेगळी असतात. छर्रे सगळे एकदम नवे घ्या. जुने-नवे मिसळू नका.

सांगाड्यात ठोकून बसवलेली वाटी काढायला नळीतून जाड सळई घाला. वाटीच्या कडेवर एकदा इकडून, एकदा तिकडून हलके ठोके द्या. नवी बसवताना हातोडी थेट वाटीवर मारू नका, तडा जातो. लाकडाचा ठोकळा ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे लांब आट्यांचा बोल्ट नळीतून घालून दोन्ही टोकांना जाड वॉशर लावा आणि नट आवळत जा. वाटी सरळ आत बसते. तिरकी जातेय असं दिसलं तर थांबा, काढा आणि पुन्हा बसवा.

आता ग्रीस. वाटीत भरपूर लावा. त्यात छर्रे चिकटून बसतात. पूर्ण गच्च भरू नका, साधारण एका छर्र्याची जागा मोकळी राहू द्या. चिमटा खालून सरळ घाला, वरची वाटी हाताने फिरवा, वॉशर, मग चेकनट. हँडल सहज फिरलं पाहिजे आणि खटखटही नको. हा मेळ दोन-तीनदा करावा लागतो, कंटाळू नका.

हँडल चाकाच्या सरळ रेषेत बसवा. दांड्यावर खूण असते, ती नळीच्या आत गेली पाहिजे. बोल्ट आवळल्यावर चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघा. हललं तर पुन्हा आवळा. ब्रेक तपासा, अंगणात चक्कर मारा, मगच लेकीच्या हाती द्या. आठवड्यानं चेकनट पुन्हा बघा.

चिमट्याला चीर असेल किंवा तो वाकला असेल, तर घरी हात लावू नका, कारागिराकडेच न्या. गिअरच्या नव्या सायकलींचा जोड वेगळा असतो, तोही त्यांच्याकडेच.

तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. सायकल आली, तसं बाजाराला, पाण्याला, कामाला जायला कुणाची वाट बघणं सुटलं. चालवणं त्यांनी दाखवलं, दुरुस्तीचं आपण मनावर घेऊ.

गटाच्या पैशांतून मोठा पाना, हातोडी आणि ग्रीसचा डबा एकदाच घ्या. महिन्यातला एक रविवार ठरवा आणि वस्तीवरच्या सगळ्या पोरींच्या सायकली रांगेत लावा. पोरींनाही पाना धरू द्या.