चार सेंटिमीटरचा हिशेब



बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं की राजूर घाट लागतो. वळणामागून वळण येतं, गाडी बाहेरच्या अंगाला कलते, आत बसलेली माणसं दाराकडे सरकतात आणि चालवणाऱ्याला वाटतं, गाडी जरा खाली असती तर रस्त्याला धरून गेली असती. खामगावच्या वाटेवरच्या बोथ्याच्या घाटातही हाच अनुभव येतो. मग गॅरेजमध्ये स्प्रिंग बदलून, नाहीतर आहे त्याच स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली बसवली जाते. खाली बसलेली गाडी डोळ्यांना आवडते, ही आवडीनिवडीची गोष्ट झाली आणि तिच्यावर वाद घालण्याचं कारण नाही. पण अशी गाडी वळणावर जास्त सुरक्षित असते, असंही ठामपणे सांगितलं जातं. ते मात्र तपासून पाहायला हवं, कारण त्यावर विसंबून माणसं घाटात वेग वाढवतात. या सांगण्यात सत्य आहे, पण थोडं आहे. आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रस्त्यांवर त्या थोड्या फायद्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागते.

आधी फायदा मोजू. वळणावर गाडीचा काही भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. बाहेरच्या टायरवर भार वाढतो, पण त्याची पकड त्याच प्रमाणात वाढत नाही. म्हणून भार जितका जास्त सरकेल, तितकी चारही टायरची मिळून पकड कमी होते. समजा गाडी १,००० किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३ सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमध्ये १५० सेंटिमीटर अंतर आहे. गाडीच्या वजनाच्या निम्मा जोर बाहेर ओढत असेल, इतक्या वेगानं वळण घेतलं, तर सुमारे १७७ किलो भार बाहेर सरकतो. गाडी ४ सेंटिमीटर खाली केली, तर तोच भार सुमारे १६३ किलो होतो. वाचले तेरा-चौदा किलो, म्हणजे शेकडा सात-आठ. फायदा खरा आहे, हे मान्य करू. पण हा आकडा लक्षात ठेवू, कारण पुढचं सगळं याच तराजूत तोलायचं आहे.

गाडी वळणावर कलते ती एका कल्पित बिंदूभोवती. त्याला रोल सेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या जितका वर, तितका गाडीला कलवणारा जोर जास्त. पाना लांब असला की नट सहज फिरतो, तसंच हे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे स्ट्रट पद्धतीचं सस्पेन्शन असतं. अशी गाडी खाली बसवली की तिच्या लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचं, चाकाकडचं टोक वर जातं, आणि रोल सेंटर गाडीच्या सांगाड्यापेक्षाही जास्त खाली उतरतो. म्हणजे गुरुत्वमध्य उतरला, पण पाना लांबला. स्प्रिंग पुरेशा कडक केल्या नाहीत, तर खाली केलेली गाडी आधीपेक्षा जास्त कलू शकते. स्टिअरिंगनं चाक वळवणारा टाय रॉड आणि लोअर आर्म यांचे कोन जुळेनासे झाले, की खड्ड्यात चाक वर-खाली होताना ते आपोआप किंचित वळतं. स्टिअरिंग सरळ धरलेलं असतं आणि गाडी बाजूला ओढ घेते. अलाइनमेंट पुन्हा केलं नाही, तर टायर एकाच कडेनं झिजतं.

सर्वांत मोठी किंमत मात्र चाकाच्या हालचालीची. सस्पेन्शन केवळ धक्का कमी करण्यासाठी नसतं. खालचा रस्ता वर-खाली झाला तरी टायर त्यावर टेकलेलं ठेवणं हे त्याचं काम. टायर रस्त्यावर आहे, तोवरच ब्रेक लागतो आणि गाडी वळते. आपल्या जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यातली जमीन काळी आणि भारी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर चाकाला वर जायला जागा लागते. गाडी ४ सेंटिमीटर खाली आली की नेमकी तेवढी जागा गेली. मग वळणाच्या मध्यावर एखादा उंचवटा आला की सस्पेन्शन रबरी स्टॉपरवर आदळतं, त्या क्षणी स्प्रिंग जणू उरतच नाही आणि टायरची पकड अचानक सुटते. स्प्रिंग कापलेली असेल तर दुसरा धोकाही आहे: खोल खड्ड्यात चाक खाली लोंबलं की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते.

आता गतिरोधक घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, सौम्य गोलाईचा हवा. छोट्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २.४५ मीटर अंतर असतं. त्यामुळे दोन्ही चाकं या गोलाईवर असताना पोटाखाली रस्त्याचा फुगवटा जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो. पण गावाच्या वेशीवर लोकांनी घातलेला अरुंद ब्रेकर पूर्णच्या पूर्ण पोटाखाली येतो. गाडीचा ग्राऊंड क्लीअरन्स १६ सेंटिमीटर धरा. ४ गेले स्प्रिंगमध्ये, आणखी तीन-चार गेले माणसं आणि सामान भरल्यावर. उरले आठ-नऊ, आणि ब्रेकर दहाचा. इंजिनखालचा ऑइलचा चेंबर फुटतो तो इथे.

यावर म्हटलं जाईल की शर्यतीच्या गाड्या जमिनीला टेकल्यासारख्या असतात, त्या का? कारण त्यांचा ट्रॅक गुळगुळीत असतो आणि सगळं सस्पेन्शन त्याच उंचीसाठी आखलेलं असतं. शर्यतीतलाच दुसरा दाखला रॅलीचा आहे. नाशिकच्या रस्त्यांनी रॅली पाहिल्या आहेत. त्या खेळातली गाडी डांबरी रस्त्यासाठी खाली घेतात आणि तीच गाडी मातीच्या वाटेवर जायची असेल तर उंच करून चाकांना जास्त हालचाल देतात. सेकंदासेकंदाचा हिशेब करणारी माणसंही उंची ठरवतात ती रस्ता पाहून.

दुसरं म्हणणं समृद्धी महामार्गाचं. तो सिंदखेडराजा, मेहकर, लोणार या तालुक्यांतून जातो आणि सपाट आहे, हे खरं. पण त्याची वळणं इतकी विस्तीर्ण आहेत की कारसाठीच्या ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत चालणाऱ्याला ते शेकडा सात-आठ कधी लागतच नाहीत. आणि इंटरचेंजवरून उतरलं की पुन्हा गावचाच रस्ता. तिसरं म्हणणं, जुळणाऱ्या स्प्रिंग आणि शॉकअपचा चांगला संच बसवला तर? कापलेल्या स्प्रिंगपेक्षा तो निश्चितच बरा; कोन आणि कडकपणा यांचे बरेच दोष त्यात सुधारता येतात. पण गेलेली जागा तो परत देऊ शकत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मग घाटात गाडी नीट चालावी, असं वाटणाऱ्यानं काय करावं? आधी शॉकअप तपासावेत, लोअर आर्मचे झिजलेले बुश बदलावेत, टायरमधली हवा कंपनीनं सांगितलेल्या दाबाइतकी ठेवावी, अलाइनमेंट करून घ्यावं. अनेकदा गाडी कलते, हेलकावते ती उंचीमुळे नव्हे, थकलेल्या शॉकअपमुळे. आणि शेवटी कॅरिअरकडे पाहावं. शेगावला दर्शनाला किंवा लग्नाला निघालेल्या गाडीच्या टपावर ६० किलो सामान सहज असतं. तेच सामान टपावरून उतरवून डिकीत, म्हणजे साधारण १ मीटर खाली ठेवलं, तर त्याच १,००० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटरहून अधिक खाली येतो. स्प्रिंग कापून मिळणार होते त्यापेक्षा हे जास्त आहेत, आणि इथे चाकाची हालचाल पूर्ण राहते, पोटाखालचं अंतर जवळपास तेवढंच राहतं, खर्च काहीच नाही. पुढच्या वेळी राजूर घाट चढण्याआधी हा एवढा बदल जरूर करून पाहा.