पाय गेल्यानंतर



वसंतातल्या प्रसन्न संध्याकाळी कापलेल्या पायांचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु मधुमेह हा आता केवळ बैठ्या कामाच्या सुखवस्तू माणसांचा रोग राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत आपल्या देशात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचे दिसून आले. वाशीम, रिसोड, मानोरा येथील शेतकरी त्यातून वगळलेला नाही. आणि त्याचा तर सारा संसार पायांवर उभा!

हा पाय जातो कसा? रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे तळव्यातील मज्जातंतू मंदावतात. काटा रुततो, वहाण चावते, तापलेल्या फरशीने तळवा भाजतो. रात्री उंदीर बोट कुरतडून जातो, तरी जाग येत नाही! जखम दुखत नाही म्हणून तिच्यावर हळद, चुना दाबून माणूस पुन्हा वावरात जातो. एरवी वेदना हा पहारेकरी असतो. येथे तोच झोपी गेलेला. पुढे जखम चिघळते, विष हाडापर्यंत पोहोचते. पाय कापावा लागलेल्या १०० मधुमेह्यांपैकी सुमारे ८५ जणांच्या बाबतीत आरंभ एका साध्या जखमेपासून झालेला असतो.

यानंतर येते ती भीती. डॉक्टर म्हणतात, "एक बोट काढावे लागेल." घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "थांबा, आधी दुसरे औषध करून पाहू." ही भीती आम्ही समजू शकतो, पण विष काही थांबत नाही. बोटाऐवजी पाऊल आणि पावलाऐवजी पोटरी द्यावी लागते. गुडघा वाचला तर कृत्रिम पायाने चालणे पुष्कळ सोपे जाते. तो गेला तर चालण्याचे श्रम फारच वाढतात आणि थकलेल्या हृदयाचे वयस्क रोगी बहुधा अंथरूण धरतात. म्हणून केव्हा कापले आणि कोठे कापले, यावर पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते.

पण आज आम्हांस मुख्यतः सांगावयाचे आहे ते याच्याही पुढचे. जखम भरली, टाके निघाले, की घरचे लोक 'सुटलो' म्हणतात. वास्तविक धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होतो. परदेशी अभ्यासांचा एकत्र हिशेब २०२० साली मांडण्यात आला. घोट्याच्या वर पाय कापलेल्या मधुमेह्यांपैकी निम्म्याहून अधिक रोगी पाच वर्षांच्या आत दगावतात, असे त्यात आढळले. अनेक कर्करोगांहूनही हा आकडा भयंकर आहे. हे मृत्यू पायाच्या जखमेने क्वचितच होतात. हृदय आणि मूत्रपिंडे साथ सोडतात. ज्या रोगाने पाय नेला तो शरीरात तसाच असतो. शिवाय सारा भार आता दुसऱ्या पायावर येतो, आणि तोही बधिरच!

तेव्हा करावे काय? पहिली गोष्ट, साखर, रक्तदाब आणि तंबाखू यांचा बंदोबस्त शस्त्रक्रियेनंतर अधिक कडक हवा. दुसरी, उरलेला पाय रोज उजेडात पाहावा. स्वतःला वाकता येत नसेल तर सुनेने, नातवाने पाहावा. तळव्याखाली आरसा धरला तरी चालेल. तिसरी, गुडघ्याखाली कापलेल्या पायास मायेपोटी उशी देऊ नये. गुडघा वाकलेलाच आखडला तर पुढे कृत्रिम पाय बसवणे अवघड होते.

कृत्रिम पायाविषयी निराश होण्याचे कारण नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली जखमी सैनिकांसाठी उभे राहिले. जयपुरात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबराचे असे पाऊल घडविले की ते लावून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, चिखलात उतरता येते. आमच्या शेतकऱ्यास हवे ते हेच. मात्र कापलेल्या पायाचे टोकही बधिर असू शकते. म्हणून रोज पाय उतरवून तेथील कातडी तपासलीच पाहिजे.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह डॉक्टर व परिचारिका यांच्या जोड्यांना मधुमेही पावलांच्या निगेचे शिक्षण देण्याची योजना चालविली. तिचे तत्त्व सोपे होते : जखम होण्याआधी पाऊल पाहावयाचे. वाशीमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मधुमेह्यांची पावले तपासण्याचा एक वार तेथे आणि प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात ठरलेला असावा, अशी मागणी आपण नागरिकांनी केली पाहिजे.

कारंज्याच्या गुरुमंदिरात आपण पादुकांपुढे माथा टेकवतो. पावलांचे महत्त्व या जिल्ह्यास नव्याने सांगावयास नको. आज घरी गेल्यावर आपल्या मधुमेही वडिलांचे, आईचे पाय दिव्याच्या उजेडात एकदा नीट पाहा. एखादी न दुखणारी जखम दिसली, तर उद्या सकाळी दवाखाना गाठा. परवावर ढकलू नका. एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.